मेटल सल्फाइड कॅटॅलिस्ट बनवायला सुरुवात करताय? पहिल्या बॅचपासून वेस्टच्या बाटलीपर्यंत सगळं

पेपरच्या एक्सपेरिमेंटल सेक्शनमध्ये सल्फाइड (मेटल आणि सल्फरचं संयुग) बनवणं चार ओळींत संपतं. इतकं मेटल सॉल्ट, इतका थायोयुरिया (सल्फर देणारं केमिकल), ऑटोक्लेव्ह (दाब सोसणारं बंद भांडं), २०० अंश, २४ तास, धुतलं, वाळवलं, झालं. आणि तुम्ही तेच तंतोतंत करता तरी कधी काळ्या पावडरऐवजी तपकिरी गाळ हातात येतो, कधी एक्सआरडीमध्ये (एक्स-रेनं क्रिस्टलची रचना ओळखणारी चाचणी) ऑक्साइडचे पीक डोकं वर काढतात, कधी निकेल सल्फाइड हवं असतं एक आणि मिळतात तीन वेगवेगळे फेज (रचना किंवा प्रमाण वेगळं असलेले प्रकार) एकत्र. यामागचं कारण त्या चार ओळींत कुणी लिहीत नाही. सल्फाइडमध्ये मेटल फारसा त्रास देत नाही, खरा प्रश्न सल्फरचा असतो. तो द्रावणात कधी सुटतो, किती वेगानं सुटतो, गरजेपेक्षा किती जास्त आहे आणि शेवटी तुम्ही त्याला हवेतल्या ऑक्सिजनपासून वाचवता का, या चार गोष्टी हातात आल्या की बाकीचं सरावानं येतं. म्हणून हा लेख त्याच नजरेतून लिहिलाय, नवीन आलेल्यांसाठी.

१. सगळ्यात आधी एचटूएस समजून घ्या

ही पायरी वगळू नका, रेसिपी नंतर वाचा. सल्फाइडच्या जवळपास प्रत्येक पद्धतीत हायड्रोजन सल्फाइड (एचटूएस, विषारी वायू) कुठेतरी तयार होतोच, थायोयुरियातून, थायोअसिटामाइडमधून, सोडियम सल्फाइडला चुकून ॲसिड लागलं तर त्यातून. सडक्या अंड्यासारखा वास अगदी कमी प्रमाणातही येतो त्यामुळे लोकांना वाटतं की वास आला की कळेलच. पण साधारण १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं, आणि नेमकी तीच पातळी जिवाला तातडीचा धोका म्हणून धरली जाते. म्हणजे "आता वास गेला" हे सुटकेचं लक्षण नसून उलटंही असू शकतं. हा वायू हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो.

म्हणून फ्यूम हूड चालू आहे ना हे बघितल्याशिवाय काही उघडायचं नाही, शक्य असेल तर अंगावर एचटूएस डिटेक्टर ठेवायचा, आणि एकट्यानं रात्री लॅबमध्ये हे काम करायचं नाही. लेड असिटेट पेपरची पट्टीही जवळ ठेवा, गळती असेल तर ती काळी पडते.

२. सामान आणि कागदपत्रं

कागदपत्रं म्हणजे प्रत्येक केमिकलची सेफ्टी डेटा शीट, तुमच्या लॅबचा रिस्क असेसमेंट फॉर्म, आणि ऑटोक्लेव्हचं मॅन्युअल. मॅन्युअल यासाठी की प्रत्येक लायनरची (ऑटोक्लेव्हच्या आत बसणारं भांडं) तापमानाची आणि प्रेशरची मर्यादा वेगळी असते. साध्या टेफ्लॉन लायनरला २२० अंशांच्या वर नेऊ नका, तो मऊ पडून आकार बदलतो. त्याच्या वर जायचं असेल तर पीपीएल (जास्त तापमान सोसणारं प्लास्टिक) लायनर घ्यावा लागतो.

सामानात लागणार ते असं:

- टेफ्लॉन लायनरचा स्टील ऑटोक्लेव्ह, ५० किंवा १०० मिलीचा
- तापमान नीट धरणारा ओव्हन (डिस्प्लेवर विश्वास न ठेवता आत वेगळा थर्मामीटर ठेवून एकदा तपासा)
- सेंट्रिफ्यूज, व्हॅक्यूम ओव्हन, पीएच पेपर
- नायट्रोजन किंवा आरगॉन सोडता येईल असा ट्यूब फर्नेस, आणि त्याच्या एक्झॉस्टला कॉस्टिक सोड्याचा स्क्रबर (निघणारा एचटूएस शोषून घेणारी बाटली)
- ऑक्सिजन काढलेलं पाणी आणि इथेनॉल, म्हणजे अर्धा तास नायट्रोजन बबल केलेलं

प्रत्येक मेटलला वेगळा लायनर ठेवा आणि त्यावर नाव लिहा. टेफ्लॉन आतून रंग धरतो, तो कितीही घासला तरी पूर्ण जात नाही, आणि आधीच्या कोबाल्टचा अंश पुढच्या मॉलिब्डेनमच्या बॅचमध्ये आला तर ॲक्टिव्हिटी चांगली दिसेल पण ती कशामुळे ते कधीच कळणार नाही.

३. रिॲक्शन ठरवा, मग मटेरियल, मग पद्धत

बरेच जण उलट्या क्रमानं जातात, ऑटोक्लेव्ह मोकळा आहे म्हणून हायड्रोथर्मल (बंद भांड्यात पाण्यात तापवण्याची पद्धत) करतात. आधी कॅटॅलिस्ट कशासाठी हवाय ते विचारा.

हायड्रोजन इव्होल्यूशनसाठी, म्हणजे विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढायला, मॉलिब्डेनम डायसल्फाइड हवं असेल तर लक्षात घ्या की त्याच्या थरांचा सपाट भाग जवळजवळ निष्क्रिय असतो आणि काम कडांवर होतं. २००५ मध्ये हिनेमन आणि सहकाऱ्यांनी हे गणितानं सुचवलं आणि २००७ मध्ये हारामिलो आणि सहकाऱ्यांनी प्रयोगानं दाखवलं की ॲक्टिव्हिटी कडांच्या लांबीबरोबर वाढते. म्हणजे इथे मोठे सुंदर क्रिस्टल तुमच्या कामाचे नाहीत, छोटे, दोष असलेले, कडा जास्त असलेले थर हवेत, आणि ते कमी तापमानाच्या द्रावण पद्धतीत मिळतात.

फोटोकॅटॅलिसिस, म्हणजे प्रकाशावर चालणारी रिॲक्शन, असेल तर गोष्ट वेगळी. कॅडमियम सल्फाइडचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) साधारण २.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, दृश्य प्रकाश पकडतो, झिंक सल्फाइडचा ३.६ च्या आसपास, त्याला यूव्ही लागतं. इथे क्रिस्टल चांगला असणं फायद्याचं कारण दोषांवर इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांत विरून जातात. कॅडमियम विषारी आहे, आणि प्रकाशात कॅडमियम सल्फाइड स्वतःच झिजतं, म्हणून नवख्यानं झिंक इंडियम सल्फाइडनं सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. ते ८० अंशांवर ऑइल बाथमध्ये थायोअसिटामाइड घालून बनतं, ऑटोक्लेव्हही लागत नाही.

हायड्रोडिसल्फरायझेशन, म्हणजे इंधनातलं सल्फर काढणं, यासाठी ॲल्युमिनावर बसवलेले कोबाल्ट-मॉलिब्डेनम किंवा निकेल-मॉलिब्डेनम लागतात आणि ती पद्धत पूर्ण वेगळी आहे, तिच्यासाठी खाली स्वतंत्र पायरी दिलीय.

४. सल्फरचा सोर्स निवडणं (इथे घाई करू नका)

माझ्या मते अर्धा निकाल इथेच लागतो, तरी लोक कपाटात जे असेल ते वापरतात.

सोडियम सल्फाइड घातलं की सल्फाइड आयन लगेच हजर होतात. मेटल सॉल्टमध्ये थेंब पडताच गाळ बसतो, कण बारीक आणि क्रिस्टल कच्चा. कॉपर, कॅडमियम, झिंक अशा मेटलसाठी हे ठीक चालतं, पण ते खूप बेसिक असल्यामुळे निकेल, कोबाल्टबरोबर हायड्रॉक्साइडही सोबत पडू शकतं. शिवाय हे केमिकल हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन दोन्ही ओढतं. बाटलीतले खडे पिवळे पडले असतील किंवा वर पांढरी पूड साचली असेल तर वजन करून घेतलेल्या सल्फाइडला अर्थ उरत नाही, नवीन बाटली उघडा.

थायोअसिटामाइड ६० ते ९० अंशांत हळूहळू हायड्रोलाइज होतं, ॲसिडमध्ये जास्त वेगानं. सगळ्या द्रावणात एकसारखं सल्फाइड सुटत असल्यामुळे कण एकसारखे येतात. मात्र ते कॅन्सरकारक असण्याची शक्यता असलेलं केमिकल म्हणून वर्गीकृत आहे, ग्लोव्ह्ज न घालता वजन करू नका.

थायोयुरिया आणखी सावकाश, त्याला चांगलं तापमान लागतं. तो मेटलला आधी कॉम्प्लेक्समध्ये बांधून ठेवतो आणि फुटताना अमोनिया सोडतो म्हणजे रिॲक्शन चालू असताना पीएच वर जातो. हे विसरलात तर सुरुवातीचा पीएच मोजून काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो.

एल-सिस्टीन हाताळायला सगळ्यात सौम्य, पण मटेरियलमध्ये थोडा कार्बन आणि नायट्रोजन राहतो. इलेक्ट्रोकॅटॅलिस्टला तो कधी मदतच करतो, फक्त श्रेय कुणाचं ते तपासायला हवं.

साधं सल्फर पावडर तेव्हा लागतं जेव्हा तुम्हाला डायसल्फाइड आयन असलेलं मटेरियल हवंय, जसं पायराइट. त्याचं सूत्र बघून आयर्न प्लस चार ऑक्सिडेशन स्टेटमध्ये आहे असं वाटतं, पण ते प्लस दोनमध्येच असतं आणि दोन सल्फर एकमेकांना जोडलेले असतात. त्यामुळे नुसतं सल्फाइड देऊन पायराइट होत नाही, सोबत सल्फर किंवा पॉलिसल्फाइड द्यावंच लागतं. आणि द्रावण फार ॲसिडिक झालं तर पायराइटऐवजी त्याचा भाऊ मार्कासाइट येतो, सूत्र तेच, रचना वेगळी.

५. पहिली बॅच: हायड्रोथर्मल मॉलिब्डेनम डायसल्फाइड

सुरुवातीला हेच करा, कारण इथे काय बिघडलं ते रंगावरून बरंचसं कळतं.

५० मिलीच्या लायनरसाठी अमोनियम हेप्टामॉलिब्डेट टेट्राहायड्रेट ०.६१८ ग्रॅम (०.५ मिलीमोल) आणि थायोयुरिया १.१४२ ग्रॅम (१५ मिलीमोल) घ्या, ३५ मिली पाण्यात अर्धा तास ढवळून पूर्ण विरघळवा. एका हेप्टामॉलिब्डेटमध्ये सात मॉलिब्डेनम असतात हे हिशेबात धरा, नवीन लोक इथे हमखास चुकतात. म्हणजे मॉलिब्डेनम ३.५ मिलीमोल, सल्फर १५, प्रमाण साधारण एकास सव्वाचार. दोनच लागत असताना इतकं जास्त का, तर मॉलिब्डेनम प्लस सहावरून प्लस चारवर आणायचं कामही सल्फरच करतो, आणि वरचा जादा थायोयुरिया कणांच्या पृष्ठभागाला चिकटून थर वाढू देत नाही, त्यानं कडा आणि दोष जास्त मिळतात.

लायनर ७० टक्के भरला, इतकंच. ८० च्या वर कधीच भरू नका. २०० अंशांवर नुसत्या पाण्याचाच दाब १५ बारच्या वर जातो आणि थायोयुरियातून निघणारे वायू त्यात भर घालतात. म्हणूनच "पावडर जास्त हवीय, सगळं तिप्पट घेऊ" असं त्याच लायनरमध्ये करायचं नाही, मोठा लायनर घ्या किंवा बॅचची संख्या वाढवा.

ओव्हन २०० अंशांवर, १८ ते २४ तास. मग ओव्हन बंद करून आपोआप थंड होऊ द्या, पाण्याखाली धरून थंड करायचा मोह टाळा. पूर्ण गार झाल्यावर हूडमध्ये, काच खाली ओढून, झाकण थोडं थोडं सैल करा, फुस्स आवाज थांबेपर्यंत थांबा. अमोनिया आणि एचटूएस दोन्ही येणार आहेत हे गृहीत धरा.

आता रंग बघा. काळा गाळ आणि वर जवळजवळ रंगहीन पाणी म्हणजे छान. वरचं पाणी निळं असेल तर मॉलिब्डेनम अर्धवटच रिड्यूस झालंय, तापमान किंवा वेळ कमी पडला किंवा ओव्हन सांगतो तितका गरम नव्हता. गाळ तपकिरी असेल तर अमॉर्फस (नीट क्रिस्टल न झालेलं) सल्फाइड किंवा ऑक्साइड मिसळलेलं असण्याची शक्यता जास्त. पूर्ण उत्पन्न ०.५६ ग्रॅम यायला हवं. वजन त्याहून जास्त भरलं तर आनंद मानू नका, आत पाणी, अमोनियम किंवा सुटं सल्फर अडकलेलं आहे.

६. धुणं, वाळवणं, साठवणं

सेंट्रिफ्यूज करून आधी पाण्यानं, मग इथेनॉलनं, धुतलेल्या पाण्याचा पीएच साध्या पाण्यासारखा होईपर्यंत. पेपरमध्ये "तीन वेळा" लिहिलेलं असतं, तुम्ही मोजत बसू नका, पीएच बघा.

एक्सआरडीमध्ये २३ अंशांच्या आसपास टोकदार पीक दिसला तर तो बहुतेक सुट्या सल्फरचा. जुन्या रेसिपीत तो काढायला कार्बन डायसल्फाइड वापरतात, पण ते इतक्या सहज पेटतं की हॉट प्लेटची उष्णताही पुरते, म्हणून मी टोल्यूइननं धुवायला सांगीन, किंवा आरगॉनमध्ये २५० ते ३०० अंशांवर ठेवून सल्फर उडवून टाका. ऑक्साइड घालवायला ॲसिडनं धुवायचा विचार असेल तर मेटल कोणतं ते बघा. मॉलिब्डेनम डायसल्फाइडला पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडनं काही होत नाही, पण झिंक, आयर्न किंवा मँगनीज सल्फाइडवर तेच ॲसिड टाकलंत तर मटेरियल विरघळेल आणि हूडभर एचटूएस होईल.

ओलं सल्फाइड साध्या ओव्हनमध्ये रात्रभर ८०-१०० अंशांवर ठेवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. ओलावा, हवा आणि उष्णता तिन्ही एकत्र आले की पृष्ठभागावर सल्फेट तयार होतं. व्हॅक्यूममध्ये ६० अंश, मग आरगॉन भरलेल्या बाटलीत. बारीक आयर्न सल्फाइड तर कोरडं झाल्यावर हवेत आपोआप पेटू शकतं, ते एकदम उघडं करू नका.

७. ॲनिलिंग करायचं असेल तर

ॲनिलिंग म्हणजे तयार पावडर इनर्ट (रिॲक्ट न होणाऱ्या) गॅसमध्ये गरम करणं. त्यानं क्रिस्टल सुधारतो, पण सल्फर उडूनही जातो. कोबाल्ट डायसल्फाइड आरगॉनमध्ये जास्त तापवलं तर ते सल्फर सोडत सोडत शेवटी कोबाल्ट नऊ-सल्फर आठ फेजवर येतं. निकेलचंही तसंच, सल्फर कमी ते जास्त अशा क्रमानं, निकेल-सल्फर तीन-दोन, एक-एक, तीन-चार, एक-दोन असे कितीतरी फेज आहेत आणि त्यातल्या एक-एकमध्येही ३७९ अंशांच्या खाली आणि वर रचना वेगळी. म्हणून फेज टिकवायचा असेल तर ट्यूबमध्ये गॅस ज्या बाजूनं येतो तिथे वेगळ्या बोटमध्ये थोडं सल्फर पावडर ठेवा, म्हणजे वातावरणातच सल्फर राहतो.

उलट वन-टी फेजचं मॉलिब्डेनम डायसल्फाइड बनवलं असेल तर तापवूच नका, ते उष्णतेनं टू-एचमध्ये परत जातं (दोन्ही त्याच संयुगाच्या थरांच्या वेगवेगळ्या रचना, टू-एच ही स्थिर). बीईटीच्या (पृष्ठभागाचं क्षेत्रफळ मोजणारी चाचणी) आधीच्या डिगॅसिंगलाही, म्हणजे तापवून वायू काढण्यालाही, हेच लागू, ऑपरेटर नेहमीचं २००-३०० अंश लावून ठेवतो, त्याला आधीच सांगा.

सीलबंद क्वार्ट्झ अँप्यूलमधली सॉलिड स्टेट पद्धत पहिल्या वर्षात एकट्यानं करू नका. सल्फर ४४५ अंशांना उकळतो, मेटलशी रिॲक्ट व्हायच्या आधी भराभर तापवलं तर आतल्या दाबानं अँप्यूल फुटते. ज्याला जमतं त्याच्या शेजारी उभं राहून शिका.

८. सपोर्टवरचा कॅटॅलिस्ट: कोबाल्ट-मॉलिब्डेनम ॲल्युमिनावर

इथे आधी ऑक्साइड बनतो, सल्फाइड शेवटी. गॅमा ॲल्युमिनाचं पोअर व्हॉल्यूम (आतल्या छिद्रांत मावणारं द्रावण) मोजा, नेमकं तेवढंच द्रावण घ्या, आधी अमोनियम हेप्टामॉलिब्डेट, मग कोबाल्ट नायट्रेट. कोबाल्टचं प्रमाण दोन्ही मेटलच्या बेरजेत ०.३ च्या आसपास ठेवतात. ११०-१२० अंशांवर वाळवा, ४०० ते ५०० अंशांत कॅल्साइन करा (हवेत तापवा). त्याहून वर गेलात तर कोबाल्ट ॲल्युमिनाच्या आत शिरून कोबाल्ट ॲल्युमिनेट होतं, पावडर झळझळीत निळी दिसायला लागते आणि तो कोबाल्ट तुमच्या हातातून गेला. खरं काम मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या कडांवर बसलेला कोबाल्ट करतो, हेन्रिक टॉप्सो आणि सहकाऱ्यांनी मॉसबाउअर स्पेक्ट्रोस्कोपीनं दाखवलेला तो प्रसिद्ध को-मो-एस फेज हाच.

सल्फायडेशनला हायड्रोजनमध्ये साधारण १० टक्के एचटूएस, मिनिटाला २ ते ५ अंश वाढवत ३५० ते ४०० अंश, मग काही तास. सगळ्यात मोठा सापळा असा की गरम ऑक्साइडला सल्फरशिवाय नुसता हायड्रोजन भेटता कामा नये. तसं झालं तर मॉलिब्डेनम डायऑक्साइड तयार होतो आणि त्याचं पुढे सल्फाइड होणं फार अवघड जातं. म्हणून एचटूएस खोलीच्या तापमानापासूनच सुरू ठेवा. रिफायनरीत एचटूएसच्या सिलिंडरऐवजी डायमिथाइल डायसल्फाइड हे द्रव वापरतात, ते कॅटॅलिस्टवर हायड्रोजनबरोबर फुटून तिथेच एचटूएस आणि मिथेन देतं. लॅबमध्येही शक्य असेल तर हेच करा. एक्झॉस्ट कॉस्टिकमधून न्या आणि पुढे कॉपर सल्फेटची बाटली लावा, ती काळी पडायला लागली की कॉस्टिक संपलं. आणि सल्फाइड झाल्यावर रिॲक्टर न उघडता तिथेच टेस्ट करा.

९. जे बनलं ते खरंच तेच आहे का

एक्सआरडी, कॉपर के-अल्फा: टू-एच मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा पहिला पीक १४.४ अंशांजवळ. तो ९ च्या आसपास सरकलेला दिसला तर थरांमध्ये अमोनियम शिरून अंतर ६.१५ वरून साधारण ९.५ अँगस्ट्रॉम झालंय, सिंथेसिस फसलेलं नाही.

रामन (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून संयुग ओळखणारी चाचणी): ३८३ आणि ४०८ प्रति सेंटिमीटरवर दोन पीक. लेझरची पॉवर कमी ठेवा, नाहीतर सँपल तिथल्या तिथे जळून ऑक्साइड होतो आणि ८२० आणि ९९५ ला दिसणारे पीक तुम्ही सिंथेसिसच्या माथी मारता.

ईडीएक्स (मायक्रोस्कोपमध्ये एक्स-रेवरून मूलद्रव्यं मोजणं): याच्यावर मॉलिब्डेनम आणि सल्फरचं प्रमाण कधीही काढू नका. मॉलिब्डेनमची एल रेषा २.२९ आणि सल्फरची के रेषा २.३१ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टला, दोन्ही एकमेकांवर बसतात आणि सॉफ्टवेअर जो आकडा देतं तो अंदाज असतो. छापून आलेल्या पेपरमध्येसुद्धा हे दिसतं. आयसीपी (सँपल विरघळवून मूलद्रव्यं मोजणं) करा, किंवा एक्सपीएस (पृष्ठभागावरच्या मूलद्रव्यांची अवस्था सांगणारी चाचणी). एक्सपीएसमध्ये सल्फाइड १६२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या जवळ आणि सल्फेट १६८-१६९ ला, म्हणजे वाळवताना काय झालं तेही तिथेच कळतं.

टेस्टिंगबद्दल दोनच गोष्टी. हायड्रोजन इव्होल्यूशनला काउंटर इलेक्ट्रोड ग्रॅफाइटचा घ्या, प्लॅटिनमचा असला तर तो थोडा थोडा विरघळून तुमच्या सल्फाइडवर येऊन बसतो. आणि अल्कलाइनमध्ये ऑक्सिजन इव्होल्यूशन करत असाल तर निकेल, कोबाल्टचं सल्फाइड पृष्ठभागावरून ऑक्सिहायड्रॉक्साइड होत जातं, त्यामुळे टेस्टनंतरचं कॅरॅक्टरायझेशन केल्याशिवाय "आमचं सल्फाइड कॅटॅलिस्ट" असं लिहू नका.

१०. वेस्ट

मदर लिकर (गाळ काढल्यावर उरलेलं द्रावण) आणि धुतलेलं पाणी वेगळ्या बाटलीत, बाटलीवर "सल्फाइड, ॲसिड घालू नये" असं मोठ्या अक्षरात, पीएच १० च्या वर, झाकण वायू बाहेर जाईल असं. ॲसिड वेस्टच्या कॅनमध्ये हे ओतलं तर काय होईल ते पहिल्या पायरीत सांगितलंच आहे. मेटलचा गाळ वेगळा जमा करा, कॅडमियम असेल तर त्याची बाटलीच वेगळी.

सल्फाइड संपवायला सोडियम हायपोक्लोराइट घालायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. पातळ, बेसिक सोडियम सल्फाइडच्या द्रावणासाठी, हळूहळू, लॅबच्या सेफ्टी माणसाला विचारून, ते करतात. पण थायोयुरियाच्या मदर लिकरमध्ये अमोनिया असतो आणि हायपोक्लोराइट अमोनियाशी मिळून क्लोरामाइनचा विषारी वायू देतं. त्या बाटलीत ब्लीच अजिबात नाही, ती तशीच वेस्ट कलेक्शनला द्या आणि लेबलवर अमोनिया आणि थायोयुरिया दोन्ही लिहा.